जॉर्ज टाउन, एक्झुमा: नांगर टाकून महिनाभर राहायला कसं आहे?

बहामाजमधल्या ग्रेट एक्झुमा बेटावरचं जॉर्ज टाउन हे गाव अर्ध्या तासात पायी फिरून होतं. बोटवाले इथे येतात ते गावासमोरच्या एलिझाबेथ हार्बरसाठी. डिसेंबर ते एप्रिल या काळात अमेरिका-कॅनडातून थंडी टाळायला आलेल्या दोन-तीनशे बोटी इथे नांगरून असतात आणि त्यातल्या कित्येक तीन-तीन महिने हलत नाहीत. अमेरिकेत राहणाऱ्या, स्वतःची शिडाची बोट असलेल्या किंवा मित्राच्या बोटीवर क्रू म्हणून जाणाऱ्या मराठी मंडळींनी इथे मुक्काम करावा का, त्याबद्दल हा रिव्ह्यू आहे. आधी निकाल सांगतो: तीन आठवडे किंवा जास्त वेळ हाताशी असेल, नांगर दमदार असेल आणि शेजाऱ्यांशी बोलायची आवड असेल, तर उष्ण कटिबंधाच्या उंबरठ्यावर यापेक्षा चांगलं निवांत बंदर मिळणं अवघड. आठवडाभराच्या सुट्टीवर असाल तर इथवर येऊच नका. बोट भाड्याने देणाऱ्या कंपन्या मुख्यतः नासाऊ आणि अबाको भागात आहेत. नासाऊहून इथलं अंतर सव्वाशे सागरी मैलांच्या आसपास आहे, म्हणजे सगळी सुट्टी जाण्यायेण्यातच जाईल. तेवढ्यासाठी एक्झुमा बेटमालिकेतली उत्तरेकडची बेटं पुरेशी आहेत.

जागेची रचना समजून घेतली की इथलं बाकी सगळं समजतं. हार्बर वायव्य-आग्नेय असं लांबट पसरलंय. ईशान्येला स्टॉकिंग आयलंड हे लांब, चिंचोळं बेट आहे, नैऋत्येला ग्रेट एक्झुमा आणि गाव, आणि मध्ये साधारण मैलभर पाणी. हिवाळ्यात वारा बहुतेक दिवस पूर्वेकडून वाहतो. त्यामुळे स्टॉकिंग आयलंडच्या आडोशाला पाणी शांत असतं आणि बहुतेक बोटी तिकडेच नांगरतात. उत्तरेकडून येताना हॅम्बर्गर बीच, टेकडीवरच्या दगडी खांबाखालचा मॉन्युमेंट बीच, मग सगळ्यात गजबजलेला व्हॉलीबॉल बीच आणि दक्षिणेला सँड डॉलर बीच. पहिल्यांदा येणाऱ्याने सँड डॉलर पाहावा. वाळू चांगली आहे, गर्दी कमी आणि व्हॉलीबॉल बीचचा गलबला जरा लांब राहतो. मॉन्युमेंटसमोर जागा मिळाली तर तीही उत्तम. व्हॉलीबॉल बीचच्या अगदी समोर बोटी फार जवळजवळ असतात. महिनाभर राहायला ती जागा मी सुचवणार नाही.

आत शिरण्याबद्दल थोडक्यात. उत्तरेकडून येणारे बहुतेक जण शेवटचा टप्पा एक्झुमा साउंडच्या खोल पाण्यातून करतात आणि काँक के कट या बेटांमधल्या अरुंद वाटेने आत वळतात. पूर्वेचा जोरदार वारा आणि लाटा चालू असताना ओहोटीचं पाणी बाहेर पडत असेल, तर या मुखाशी लाटा उभ्या राहून फुटतात. अशा वेळी बाहेरच थांबायचं, पाणी फिरेपर्यंत. आतला मार्ग प्रवाळ आणि उथळ पट्ट्यांमधून नागमोडी जातो. एक्सप्लोरर चार्ट्स या सागरी नकाशांवरचे बिंदू जसेच्या तसे पाळा, ऊन डोक्यावर किंवा पाठीशी असेल अशी वेळ साधा. रात्री पहिल्यांदा आत शिरणं हा वेडेपणा आहे.

आता मुख्य गोष्ट, नांगर. इथे पाणी साधारण अडीच ते साडेचार मीटर खोल आणि इतकं नितळ की नांगर कुठे पडतोय ते वरून दिसतं. फिकट पांढरी वाळू म्हणजे चांगली जागा. गडद डाग म्हणजे गवत. त्यात नांगराचं टोक रुतत नाही, मुळांवर अडकून राहतं आणि वारा वाढला की गठ्ठ्यासकट सुटतं. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा: वर बोटभर वाळूचा थर आणि खाली कडक तळ. तिथे नांगर आडवा पडून राहतो, मंद वाऱ्यात बोट हलत नाही म्हणून मालक निश्चिंत असतो आणि तीन दिवसांनी रात्री बोट चालू लागते.

हे टाळायची रीत अशी. नांगर तळाला टेकला की बोट वाऱ्याने हळूहळू मागे जाऊ द्या आणि साखळी एका जागी ढीग न करता पसरत सोडा. ठरलेली लांबी सोडून झाली की इंजिन रिव्हर्समध्ये आधी मंद, मग साधारण दोन हजार आरपीएमपर्यंत नेऊन अर्धा ते एक मिनिट धरा. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत पकडा. त्या सरकल्या तर नांगर धरलेला नाही. मग मास्क लावून पाण्यात उतरा आणि डोळ्यांनी बघा. नांगराचं पातं पूर्ण वाळूत गेलेलं आणि दांडा आडवा टेकलेला दिसला पाहिजे. पातं अर्धं बाहेर असेल तर उचला आणि पुन्हा टाका. पाणी पोहण्याजोगं आहे, त्यामुळे हा शेवटचा भाग टाळायला कुठलीच सबब नाही.

साखळी किती? हिशोब पाण्याच्या खोलीवर थांबत नाही. समजा खोली ३ मीटर, बोटीची नाळ (पुढचं टोक) पाण्यापासून १.२ मीटर वर आणि भरतीचं पाणी आणखी एक मीटर धरलं, तर ५.२ मीटर. रोजच्या वाऱ्यात याच्या पाचपट, म्हणजे २६ मीटर. जोराचा वारा अपेक्षित असेल तर सातपट, म्हणजे ३६ मीटरच्या वर. ३८-४० फुटी बोटीला २० किलोच्या आसपासचा नव्या घडणीचा नांगर, रोक्ना, मँटस किंवा स्पेड यांपैकी कुठलाही, आणि ६० मीटर साखळी हे इथलं समाधानकारक सामान. त्यासोबत १२-१४ मिलिमीटर जाडीचा, आठ-दहा मीटर लांब तीनपदरी नायलॉनचा स्नबर, म्हणजे साखळी आणि बोट यांना जोडणारा दोर, हवाच. साखळी ताणत नाही. स्नबर ताणतो आणि झटके गिळतो. जिथे तो नाळेवर घासतो तिथे जुन्या होजपाइपचा तुकडा चढवा आणि वाऱ्याच्या दिवसांत रोज तपासा.

आळसात दिवस काढायला आलेल्यांनी एवढं गणित का करावं? कारण कोल्ड फ्रंट, म्हणजे थंड हवेची सरकती आघाडी. डिसेंबर ते मार्च या काळात साधारण आठवड्याला एक फ्रंट उत्तर अमेरिकेवरून खाली सरकतो. त्याचा क्रम ठरलेला आहे. पूर्वेचा वारा आधी आग्नेयेला, मग दक्षिणेला वळतो आणि पडतो. समुद्र आरशासारखा होतो आणि नवखे म्हणतात, काय सुंदर दिवस! त्यानंतर वारा नैऋत्य-पश्चिमेला जातो, वायव्य क्षितिजावर काळी पट्टी येते आणि काही मिनिटांत २५-३५ नॉटचा (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) झपाटा. आता स्टॉकिंग आयलंडचा आडोसा उलटा होतो: मैलभर मोकळ्या पाण्यावरून लाटा येतात आणि बोटीच्या पाठीशी किनारा असतो. पुढे वारा वायव्य, उत्तर करत ईशान्येला येतो आणि दोन-तीन दिवस जोरात वाहत राहतो.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, फ्रंटच्या आदल्या सकाळी पलीकडे गावाच्या बाजूला, किड कोव्हच्या परिसरात जाणं. नैऋत्य आणि पश्चिमेला आडोसा मिळतो, पण जागा उथळ आहे आणि दुपारपर्यंत दाटी होते. दुसरा, स्टॉकिंग आयलंडच्या पोटातल्या खाचांमध्ये शिरणं. तिथे चहूबाजूंनी आडोसा आहे, मात्र तोंडं उथळ आहेत, पाण्याखाली जास्त खोल जाणाऱ्या बोटीला भरती साधावी लागते आणि मुक्कामी बोटींनी जागा आधीच धरलेल्या असतात. तिसरा, आहे तिथेच राहून साखळी वाढवणं. पश्चिमेचा वारा २० नॉटच्या आत राहणार असा अंदाज असेल आणि पाठीमागे किनाऱ्यापर्यंत किमान दीड-दोनशे मीटर मोकळं पाणी असेल, तर हा तिसरा उपाय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. आयत्या वेळी नव्या जागी घाईत टाकलेल्या नांगरापेक्षा दहा दिवस रुतलेला नांगर बरा. मात्र वारा १८० अंशांत फिरतो तेव्हा तो उपटून पुन्हा रुतावा लागतो, म्हणून त्या दोन तासांत कुणीतरी डेकवर जागं हवं.

इथले अपघात बहुतेक स्वतःच्या नांगरामुळे होत नाहीत, शेजाऱ्याच्या नांगरामुळे होतात. एक बोट घसरते, दुसरीच्या साखळीवर अडकते आणि दोघी मिळून तिसरीवर. म्हणून आल्या दिवशीच डिंगी, म्हणजे बोटीसोबतची छोटी होडी, घेऊन आजूबाजूच्या चार बोटींना भेटा आणि सरळ विचारा, साखळी किती सोडलीय, की दोर आहे? दोरावर नांगरलेली बोट मोठ्या वर्तुळात फिरते, साखळीवरची लहान. कॅटमरान (जोडबुडाची बोट) वाऱ्याचं ऐकते, तळाखाली खोल कणा, म्हणजे कील असलेली बोट प्रवाहाचंही ऐकते. त्यामुळे मंद वाऱ्यात दोघींची तोंडं वेगवेगळ्या दिशांना असतात आणि दुपारी लांब वाटलेलं अंतर पहाटे उरत नाही. हा प्रश्न इथे कुणाला उद्धट वाटत नाही. ओळखीची सुरुवातच त्याने होते.

ओळखीवरून इथल्या खऱ्या खासियतीकडे येऊ. सकाळी आठ वाजता व्हीएचएफ रेडिओच्या ७२ नंबरच्या चॅनेलवर बोटवाल्यांचं नेट, म्हणजे रेडिओवरची सभा, भरतं. एखादा बोटवाला स्वयंसेवक म्हणून सूत्रं सांभाळतो. क्रम नेहमीचा: तातडीचं किंवा वैद्यकीय काही आहे का, हवामान, नवे आलेले, आज निघणारे, गावातल्या दुकानांच्या घोषणा, दिवसाचे कार्यक्रम, मग मदत हवी असलेले. कुणाचा पाण्याचा पंप बंद पडलाय, कुणाला अमुक मापाचा इम्पेलर (पंपातलं पात्यांचं चाक) हवाय, आणि दोन मिनिटांत उत्तर येतं. नवीन आलेल्याने आपल्या बोटीचं नाव एकदा, स्वच्छ सांगावं. लांबण लावू नये. परदेशी बोटीवरून वस्तू विकणं कस्टम्सच्या नियमांत बसत नाही, त्यामुळे नेटवर विक्रीची भाषा टाळतात. इतर वेळी हाक मारायला ६८ नंबरचं चॅनेल वापरतात, मग दुसऱ्या चॅनेलवर जाऊन बोलतात. १६ नंबर संकटासाठी मोकळा ठेवा. आणि तुमचं बोलणं अख्खं हार्बर ऐकतंय हे विसरू नका. मराठीत बोललात तरी चॅनेल अडतंच.

डिंगी ही इथली गाडी. गावात जायचं तर मैलभर मोकळं पाणी ओलांडावं लागतं आणि १५-२० नॉटच्या वाऱ्यात छोट्या, कमी ताकदीच्या डिंगीतले लोक नखशिखांत भिजून पोचतात. दहा फुटी डिंगी आणि १० ते १५ हॉर्सपॉवरचं इंजिन असेल तर निभतं. कागदपत्रं, फोन आणि कोरडा शर्ट वॉटरप्रूफ पिशवीत. किल-कॉर्ड (माणूस पडला तर इंजिन बंद करणारी दोरी) मनगटाला किंवा पायाला बांधलेली. गावात डिंगी लावायची जागा लेक व्हिक्टोरियात आहे. आत जायला रस्त्याच्या पुलाखालून अरुंद बोगदा आहे, एका वेळी एकच डिंगी जाईल इतका, आणि भरती-ओहोटीचं पाणी त्यातून जोरात वाहतं. प्रवाहाबरोबर येणाऱ्याला थांबता येत नाही, म्हणून वाट त्याला द्यायची. प्रवाहाविरुद्ध जाताना इंजिन मध्येच मंद करू नका; भिंतीला घासाल.

धक्क्याशेजारीच एक्झुमा मार्केट हे किराण्याचं दुकान आहे. धक्क्यावर बोटवाल्यांसाठी पिण्याच्या पाण्याचा नळ आहे आणि त्याचे पैसे घेत नाहीत. ज्या बेटांवर गोडं पाणी समुद्राच्या पाण्यातून काढावं लागतं तिथे ही फार मोठी सोय आहे. एक्झुमाच्या इतर बऱ्याच बेटांवर पाणी मापाने विकत घ्यावं लागतं. २० लिटरचे चार कॅन एका फेरीत पुरे. डिंगी जड झाली की परतीच्या वाटेवर लाटा आत येतात आणि खारं पाणी कॅनच्या सैल बुचातून शिरतं. बुचाखाली प्लॅस्टिकचा तुकडा दाबून बसवा. वॉटरमेकर (समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र) असेल तरी गर्दीच्या नांगरवाड्यात चालवू नका. इतक्या बोटींचं सांडपाणी कुठे जातं याचा विचार केला की कारण कळतं. होल्डिंग टँक (संडासाच्या मैल्याची टाकी) हार्बरमध्येच रिकामी करणारे अजूनही आहेत आणि खाचांमधल्या साचल्या पाण्यात ते जाणवतं. या बंदराचे गुण मी इथेच सर्वाधिक कापतो.

भाजीचं गणित मेलबोटीवर, म्हणजे टपाल आणि माल आणणाऱ्या बोटीवर आहे. नासाऊहून माल घेऊन ती आली की दुसऱ्या दिवशी दुकानात हिरवंगार सगळं. मधल्या काळात कोबी, कांदे, बटाटे, गाजर. भाव चढे आहेत, कारण जवळपास सगळं आयात होतं. बहामियन डॉलर अमेरिकन डॉलरच्या बरोबरीचा आहे आणि दोन्ही चालतात. मराठी स्वयंपाकघराला एक दिलासा: इथल्या रोजच्या जेवणात तूर आहे. ‘पीज अँड राइस’ नावाच्या भातात पडतात ते तुरीचेच दाणे आणि ते डब्यात सहज मिळतात. पण हॉटेलातल्या त्या भातात बऱ्याचदा डुकराचं मांस असतं, तेव्हा शाकाहाऱ्यांनी विचारूनच घ्यावा. गोट पेपर ही स्थानिक मिरची चांगलीच तिखट आहे, निम्मी घालून चव बघा. पोहे, रवा, मसाले, डाळी मात्र निघण्याआधी फ्लोरिडातच भरा.

व्हॉलीबॉल बीचवरचं चॅट अँड चिल हे बार-कम-खानावळ सगळ्यांचा कट्टा आहे. शेजारच्या टपरीवर शंखातलं मांस तुमच्यासमोर बारीक चिरून, कांदा, टोमॅटो, ढोबळी मिरची, गोट पेपर आणि आंबट संत्र्या-लिंबाचा रस घालून कच्चंच देतात. ते काँक सॅलड. ताजेपणा दिसतो, चव स्वच्छ, आणि पहिल्यांदा खाणाऱ्यालाही जमतं. टाकाऊ तुकड्यांसाठी पाकट मासे काठाशी येतात, मुलं त्यांच्यातच रमतात. पाय घसटत चाला, म्हणजे पाकटावर पाय पडून शेपटीचा काटा लागणार नाही. दर रविवारी डुक्कर भाजतात. बार म्हणून दर चढे वाटतील, पण दिवसभर सावलीत बसायला कुणी हटकत नाही. खेळ, पत्ते, योगा, दोरकामाचे वर्ग, रविवारची सकाळची किनाऱ्यावरची प्रार्थना, सगळं इथल्या सुरूच्या झाडांखाली चालतं. एकत्र जेवणाला आपला एक पदार्थ, आपलं ताट आणि आपली खुर्ची न्यायची असते. भरपूर लिंबू पिळलेला साबुदाणा वडा किंवा बटाट्याची भाजी ठेवा आणि मसाल्यांबद्दल प्रश्नांची तयारी ठेवा.

सूर्य बुडताना एकेका बोटीवरून शंख फुंकला जातो. हा क्वीन काँक, आपल्या देवघरातल्या शंखापेक्षा वेगळा, जड आणि आतून गुलाबी. शेंड्याचं टोक दोन-तीन सेंटीमीटर करवतीने कापून, कडा पॉलिशपेपरने घासून तोंड तयार करतात. गाल न फुगवता, ओठ घट्ट मिटून थरथरवत फुंकायचं. बहुतेक पाश्चात्य बोटवाल्यांना हे जमायला आठवडा लागतो, घरी आरतीला शंख वाजवलेल्याला बहुधा पहिल्या संध्याकाळीच.

त्रास काय काय आहेत ते लख्ख सांगितलं पाहिजे. वारा पडलेल्या संध्याकाळी काठावर नो-सी-अम नावाचे बारीक कीटक चावतात; नेहमीच्या मच्छरजाळीतून ते आत येतात, जास्त बारीक विणीची लागते. रात्री दिवा न लावता सुसाट जाणाऱ्या डिंग्या आहेत. म्हणून मस्तुलावरच्या अँकर लाइटखेरीज कॉकपिटच्या उंचीवर एक छोटा दिवा ठेवा, डिंगीत बसलेल्याला डोळ्यांसमोर तोच दिसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोटवाल्यांची रेगाटा, म्हणजे बोटींच्या शर्यतींचा उत्सव, असते तेव्हा गर्दी शिगेला पोचते. शांतता हवी असेल तर ते दोन आठवडे सोडून या. खेळकर माणसं हवी असतील तर तेच दोन आठवडे निवडा. गावातलं सरकारी क्लिनिक साध्या आजारांना पुरतं, गंभीर असेल तर विमानाने नासाऊ. तेवढ्यासाठी विमा हवा. विमानतळ गावापासून टॅक्सीने वीसेक मिनिटांवर आहे, त्यामुळे पाहुणे आणि क्रू यांची ये-जा सोपी.

खर्चाबद्दल जुने ब्लॉग वाचून आकडे धरू नका. २०२५ च्या उन्हाळ्यात बहामाज सरकारने परदेशी बोटींचं परवाना शुल्क बरंच वाढवलं आणि नांगरण्याचं वेगळं शुल्क लावलं. निघण्याच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळावरचेच दर बघा. मासेमारीचे नियमही कडक आहेत: स्पिअरगन चालत नाही, फक्त हवाइयन स्लिंग (रबराने ओढून सोडायचा हातातला भाला), पाण्याखाली श्वास घ्यायची हवेची टाकी लावून भाला वापरता येत नाही, लॉबस्टर १ एप्रिल ते ३१ जुलै बंद.

मार्चमध्येच परत फिरायची घाई नसेल तर एप्रिलमधली नॅशनल फॅमिली आयलंड रेगाटा बघूनच निघा. १९५४ पासून चालू असलेली ही शर्यत बहामाजमध्ये बांधलेल्या लाकडी स्लूपची, म्हणजे एका डोलकाठीच्या शिडाच्या बोटींची आहे, आणि तिची सुरुवात कुठल्याही नांगरवाल्याला आवडेल अशी: सगळ्या बोटी शीड खाली ठेवून, नांगर टाकून रांगेत उभ्या. इशारा झाला की खलाशी दोर हाताने ओढत नांगर उपसतात, त्याच झटक्यात बोटीला वेग मिळतो आणि शीड वर जातं. मग वाऱ्याच्या बाजूला बाहेर काढलेल्या लांब फळीवर अख्खी टोळी बसते, बोट उलटू नये म्हणून. तोवर फ्रंट विरळ होतात, पूर्वेचा वारा स्थिरावतो आणि परतीचा प्रवास सोपा जातो. बऱ्याच विमा कंपन्यांना १ जूनच्या आत बोट चक्रीवादळाच्या पट्ट्याबाहेर हवी असते, तेव्हा मेच्या पहिल्या पंधरवड्यात नांगर उचला. महिनाभर पाण्यात पडलेल्या साखळीवर शेवाळ आणि बारीक शिंपले धरलेले असतात. ती मीटर-मीटरने वर घेत ब्रशने घासा, नाहीतर साखळीची पेटी आठवडाभर कुजका वास मारते. आणि निघायच्या सकाळी नेटवर आपलं नाव सांगा, म्हणजे तुमच्या जागेकडे डोळे लावून बसलेल्या बोटीला वेळेत कळेल.